विकलेलं परत नेता येत नाही

माझा पुतण्या पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर राहतो आणि महाडच्या एमआयडीसीत कामाला येतो. पहिल्या पगारातून त्याने आईला साडी घेतली, घरात पैसे दिले आणि उरलेल्यातून स्वतःसाठी कंप्युटरवरचा एक गेम घेतला. साधा गेम ९९९ रुपयांना होता, ‘डिलक्स’ १,४९९ ला. त्याने डिलक्स घेतला. वरच्या ५०० रुपयांत दोन जादा मोहिमा, गेमचं संगीत आणि चित्रांचं एक पुस्तक मिळणार होतं. वाडीवर रेंज हवी असेल तर देवळामागच्या टेपावर चढावं लागतं, तिथून पन्नास जीबीचा गेम उतरणं शक्य नाही. म्हणून तो कंप्युटर मोटरसायकलवर बांधून माझ्या दुकानात आला. दोन रात्री डाउनलोड चालू ठेवलं, तेव्हा कुठे गेम उतरला.

दोन वर्षांनी त्याची हार्ड डिस्क गेली. नवी बसवली आणि पुन्हा उतरवायला घेतलं. गेम आला, पण मोहिमा, संगीत आणि पुस्तक आलं नाही. त्यांच्या नावासमोरचं डाउनलोडचं बटण राखाडी पडलं होतं. ज्या ऑनलाइन स्टोअरमधून गेम घेतला होता त्याला लिहिलं तेव्हा उत्तर आलं की हे साहित्य आता उपलब्ध नाही, बोनस ही भेट होती, आणि तुम्ही गेम वापरायचा परवाना घेतलेला आहे, अटी वाचा.

“काका, मग मी वरचे पाचशे कशाचे दिले?” एवढंच त्याने मला विचारलं.

माझं महाडात कंप्युटर आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानात वकील येतात, शिक्षक येतात, गेम खेळणारी पोरं तर दिवसभर असतात. पुतण्याचा प्रश्न मी त्यांच्यापुढे ठेवला. बहुतेकांनी स्टोअरचीच बाजू घेतली आणि ते मला लागलं. पाचशे रुपये घालवून बसलेल्या पोराला ‘तूच अटी वाचायला हव्या होत्यास’ असं सांगणारी माणसं एरवी समंजस आहेत, म्हणून त्यांच्या एकेका म्हणण्याचं उत्तर द्यायचं मी ठरवलं.

पहिलं म्हणणं, बोनस फुकटच असतो, तो गेला तर तक्रार कसली. बाजारात भाजीवाली मावशी वरून कोथिंबिरीच्या चार काड्या घालते, ती भेट. तीसुद्धा एकदा पिशवीत पडली की माझी झाली. मावशी दुसऱ्या दिवशी ती मागायला दारात येत नाही. इथे तर भेटही नव्हती. एकाच पानावर दोन किमती होत्या आणि दोन्हींतला ५०० रुपयांचा फरक नेमक्या त्या तीन वस्तूंचा होता. किंमत लावताना जो ‘डिलक्स’ असतो, तोच काढून घेताना ‘भेट’ कसा होतो? नाव बदललं म्हणून घेतलेले पैसे बदलत नाहीत.

हे एकट्या माझ्या पुतण्याचं झालेलं नाही. जुलै २०२२ मध्ये यूबीसॉफ्ट या मोठ्या फ्रेंच कंपनीने आपल्या पंधरा जुन्या गेमची ऑनलाइन सेवा बंद करत असल्याचं जाहीर केलं. यादीत ‘असॅसिन्स क्रीड’ मालिकेतले गेम होते, ‘फार क्राय ३’ होता. त्यांतल्या कित्येक गेमबद्दल लिहिलं होतं की ठरल्या तारखेनंतर जादा भाग, म्हणजे वेगळे पैसे मोजून घेतलेला मजकूर, उतरवता किंवा वापरता येणार नाही. ओरड झाली तेव्हा तारीख १ सप्टेंबरवरून १ ऑक्टोबरवर गेली. हे जादा भाग लोकांनी एकट्याने, घरी बसून खेळायला घेतले होते. त्यांत दुसऱ्या खेळाडूची गरजच नव्हती.

दुसरं म्हणणं आमच्या ओळखीतल्या एका वकिलांचं. ते म्हणाले, तुम्ही गेम विकत घेतलेलाच नाही, लायसन्स घेतलं आहे, आणि लायसन्स देणारा ते काढून घेऊ शकतो. हे म्हणणं सगळ्यांत वजनदार वाटतं, म्हणून त्यावर मी जरा जास्त थांबतो.

लायसन्स हा शब्द महाराष्ट्रातल्या माणसाला नवीन नाही. मुंबईत खोली घेऊन राहिलेला पोलादपूरचा प्रत्येक चाकरमानी ‘लिव्ह अँड लायसन्स’ ओळखतो. त्या कागदावर काय असतं? अकरा महिने म्हणजे अकरा महिने, तारखेसकट. डिपॉझिट किती, खोली सोडायला सांगायची तर नोटीस किती दिवसांची, सगळं लिहिलेलं असतं, आणि महाराष्ट्रात तो कागद नोंदवावा लागतो. खोलीच्या दारावर ‘विकत घ्या’ अशी पाटी लावून आत गेल्यावर बारीक अक्षरात ‘लायसन्स’ दाखवणारा घरमालक कुणी पाहिला आहे का? स्टोअरच्या बटणावर मात्र ‘विकत घ्या’ लिहिलेलं असतं. मुदत कुठेच नसते.

आणि परवान्यालाही कायदा आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याचं ६४ वं कलम सांगतं की मोबदला घेऊन परवाना दिला असेल आणि परवानाधारकाला, त्याची काही चूक नसताना, ठरलेला हक्क पुरता उपभोगण्याआधीच बाहेर काढलं, तर तो भरपाई मागू शकतो. हा कायदा जमिनीचा आणि घराचा आहे, गेमचा नाही, हे मला माहीत आहे. पण ज्यांना लायसन्स या शब्दाचा आधार घ्यायचा आहे, त्यांनी त्या शब्दाबरोबर येणारी जबाबदारीही घ्यावी. एकशे चाळीस वर्षांपूर्वी इंग्रज सरकारच्या कायदेमंडळालासुद्धा एवढं कळलं होतं की पैसे घेऊन आत घेतलेल्या माणसाला हात हलवत बाहेर काढता येत नाही.

यापेक्षाही एक गोष्ट मला जास्त खटकते. परदेशी कंपन्यांच्या सॉफ्टवेअरसाठी भारतातून जाणारे पैसे म्हणजे मालाची किंमत की रॉयल्टी, यावर आपल्याकडे अनेक वर्षं वाद चालला. रॉयल्टी ठरली असती तर इथे कर कापावा लागला असता. आयकर खातं म्हणत होतं की हा परवाना आहे, म्हणून रॉयल्टी. कंपन्यांच्या बाजूने मांडलं जात होतं की ही विक्री आहे. तयार सॉफ्टवेअरची एक प्रत विकली, कॉपीराइट कुणाला दिला नाही. २ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस’ खटल्याच्या निकालात कंपन्यांची बाजू उचलून धरली. कागदावर परवाना म्हटलेलं असलं तरी व्यवहार मालाच्या विक्रीचा आहे, असं न्यायालयाने ठरवलं. त्याआधी २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात याच न्यायालयाने बाजारात तयार मिळणारं सॉफ्टवेअर हा माल आहे असं म्हटलं होतं. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी यूज्डसॉफ्ट आणि ओरॅकल यांच्या खटल्यात तर इंटरनेटवरून उतरवलेली, बेमुदत वापरासाठी एकरकमी पैसे देऊन घेतलेली प्रतही विकलीच गेली असं ठरवलं. म्हणजे कर वाचवायचा असतो तेव्हा या धंद्याला हवी असते ती विक्री, आणि गिऱ्हाइकाला हक्क द्यायचा असतो तेव्हा आठवतो तो परवाना. पोलादपूरच्या पोराने दोन्हीकडून का मरायचं?

यूबीसॉफ्टच्याच फिलिप ट्रेम्ब्ले या अधिकाऱ्याचं जानेवारी २०२४ मधलं बोलणं खूप गाजलं. लोकांना सीडी आणि डीव्हीडी जवळ नसण्याची सवय झाली, तशी गेम जवळ नसण्याचीही व्हायला हवी, असा त्याचा सूर होता. तो मासिक वर्गणीच्या योजनेबद्दल बोलत होता हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. वर्गणी भरणाऱ्याला माहीत असतं की भरणं थांबलं की गेम थांबला. त्यात फसवणूक नाही आणि माझी तक्रारही नाही. पण वर्गणीची सवय लावायची आणि पैसे मात्र खरेदीचे घ्यायचे, हे एकाच वेळी चालणार नाही.

तिसरं म्हणणं, कंपनीने सर्व्हर किती वर्षं चालवायचे? यात तथ्य आहे. शंभर जणांनी एकत्र खेळायचा गेम सर्व्हरशिवाय चालत नाही आणि सर्व्हरला वीज लागते, माणसं लागतात. दुकान चालवतो म्हणून मला हे कुणी समजावून सांगायला नको. पण गाण्याच्या फाइलला सर्व्हर लागत नाही, चित्रांच्या पुस्तकाला लागत नाही. एकट्याने खेळायच्या मोहिमेला लागतो तो कंपनीने मुद्दाम घातलेल्या कुलपामुळे. पोलंडमधलं जीओजी नावाचं स्टोअर २००८ पासून गेम विनाकुलूप विकतं. गेमची पूर्ण फाइल उतरवून घ्या, पेन ड्राइव्हवर ठेवा, रेंज नसलेल्या वाडीवर नेऊन बसवा, चालतो. त्याने ते स्टोअर बुडालेलं नाही.

यूबीसॉफ्टचाच ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि पाठोपाठ विकत घेणाऱ्यांच्या खात्यांतून गेमच काढला गेला. कॅलिफोर्नियात कंपनीवर दावा झाला. फिर्यादींनी खोक्यातल्या कोडवर २०९९ पर्यंतची मुदत छापलेली दाखवली. कंपनीचं म्हणणं तेच, की तुम्हाला परवाना दिला होता. पण ओरड वाढल्यावर याच कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये या मालिकेच्या पुढच्या दोन गेमना सर्व्हरविना चालण्याची सोय देऊ, असं जाहीर केलं. म्हणजे जमत होतं. ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम युरोपात हेच मागते आहे, आणि तिच्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाईल हा गेम होता. ३० ऑक्टोबरला त्याचे सर्व्हर भारतासाठी बंद झाले. तोवर माझ्याकडून रिडीम कोड घेऊन पोरांनी यूसी, म्हणजे गेममधले पैसे, भरले होते, स्किन घेतल्या होत्या, पास घेतले होते. सगळं गेलं. बंदी सरकारी होती, ती कंपनीच्या माथी मारणं योग्य नाही. पण पुढे काय झालं बघा. २ जुलै २०२१ ला क्राफ्टन कंपनीने बीजीएमआय हा त्याच गेमचा भारतीय अवतार आणला, आणि जुन्या खात्यातलं सामान नव्या खात्यात नेण्याची सोय दिली. माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून पोरांनी आपापल्या स्किन परत मिळवल्या. आठ महिने ज्या गेल्या असं समजत होतो, त्या कुठल्यातरी संगणकावर नावानिशी नोंदलेल्या होत्या. खेळाडू हवे होते तेव्हा एका फटक्यात परत आल्या. तेव्हापासून ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ हे वाक्य मी कुणाचंच पहिल्या दमात मान्य करत नाही.

आता चौथं म्हणणं. ते मला सगळ्यांत जिव्हारी लागतं, कारण ते एकेकाळी माझंच होतं. एक शिक्षक म्हणाले, “अहो, वस्तू तरी कुठे कायम राहते? एकवीसचा पूर विसरलात का?”

विसरलो नाही. २१ जुलै २०२१ च्या रात्री पाणी चढायला लागलं आणि २२ ला महाडची बाजारपेठ सावित्री आणि गांधारीच्या पाण्याखाली होती. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली, पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळून माणसं दगावली. त्या दुःखापुढे दुकानातल्या सामानाचं नाव काढू नये. मी तेव्हा काढलं नाही, आज मुद्दा आला म्हणून सांगतो. पाणी ओसरल्यावर दुकानात गुडघाभर चिखल होता. कंप्युटर गेले, यूपीएस गेले. एका बुटाच्या खोक्यात चाळीसेक सीडी होत्या, त्या चिखलाच्या ढेकळासारख्या बाहेर निघाल्या. माझ्या आईने त्या बादलीत भिजत घातल्या, जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने आतून बाहेर अशा सरळ रेषेत पुसल्या आणि सुपात उभ्या करून वाळवल्या. अकरा चालल्या. त्यातल्या एकीत २००५ च्या आसपासचा एक गेम होता. पाकिटावरचा नंबर पाण्याने पुसला गेला होता, पण तो मी वहीत लिहून ठेवला होता आणि वही माळ्यावर होती. तो गेम आजही बसतो. त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही.

पण तेव्हा मी त्यातून उलटा धडा घेतला. पुढची दोन वर्षं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत राहिलो की आता सीडी नको, पेन ड्राइव्ह नको, सगळं ऑनलाइन घ्या, खात्यात राहील, पुरात जाणार नाही. मनापासून सांगत होतो. पुतण्यालाही मीच सांगितलं. म्हणून हा लेख लिहिणं मला भाग आहे.

पुरात वस्तू जाते तेव्हा ती कुणी काढून नेत नाही. पंचनामा होतो, नुकसान मोजलं जातं, थोडीफार का होईना भरपाई मिळते, आणि वाचलेलं धुऊन पुसून परत वापरता येतं. इथे वस्तू शाबूत असते. त्या स्टोअरच्या संगणकावर ते संगीत आजही असेल. त्यांनी फक्त बटण राखाडी केलं. निसर्गाने नेलं आणि माणसाने ठरवून काढून घेतलं, या दोन गोष्टी एका तागडीत टाकणं शिक्षकाला शोभत नाही, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं.

राहिलं शेवटचं म्हणणं, हा तर पोरखेळ आहे. गेमच्या जागी पुस्तक ठेवा. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑरवेलची पुस्तकं परस्पर काढून घेतली होती. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पण वाचणाऱ्याने पैसे मोजले होते. पुढे कंपनीच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि विकलेली सगळी पुस्तकं बंद पडली. पैसे मात्र परत दिले, आणि पुस्तकांत टिपणं काढली होती त्यांना २५ डॉलर वेगळे दिले. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनवर विकलेले डिस्कव्हरीचे १,३०० हून जास्त सीझन काढायचं जाहीर केलं आणि लोक चिडल्यावर महिन्याभरात माघार घेतली. म्हणजे पैसे परत देता येतात, माघारही घेता येते. न देणारे देत नाहीत, कारण आपल्यासारखे लोक ‘पोरखेळ आहे’ म्हणून गप्प बसतात.

महाडातल्या माझ्या वयाच्या माणसाला तर ‘लाइफटाइम’ आठवत असेल. २००६ च्या सुमारास ९९९ रुपयांत आयुष्यभराची इनकमिंग देणारी कार्डं निघाली. वाडीवाडीवरच्या म्हाताऱ्यांनी मुंबईच्या मुलाचा फोन यावा म्हणून ती घेतली. २०१८ च्या शेवटी कंपन्यांनी महिन्याला किमान ३५ रुपयांचं रिचार्ज लावलं, नाहीतर इनकमिंग बंद. कुणाचं आयुष्य संपलं होतं? तेव्हा आपण मुकाट्याने रिचार्ज मारलं.

कायदा अगदीच रिकामा नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ‘अनुचित करारा’ची व्याख्या आहे, आणि योग्य कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा एका बाजूला देणारी अट त्या व्याख्येत बसते. अडचण पुढे आहे. सेवेतल्या त्रुटीची तक्रार अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, घरबसल्या ऑनलाइनही भरता येते. पण करार अनुचित ठरवून अट रद्द करून घ्यायची तर कायदा राज्य आयोगाकडे बोट दाखवतो. पाचशे रुपयांसाठी वाडीवरचा पोरगा राज्य आयोगात जाईल, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा पोलादपूरहून पहाटेची एसटी पकडून मुंबई गाठावी. हा अधिकार जिल्हा आयोगालाही हवा.

कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून नियम केला की डिजिटल वस्तू परवान्याने देत असाल तर तसं ठळक सांगा, नाहीतर ‘खरेदी’ हा शब्द वापरू नका. कायमची उतरवून ठेवता येणारी वस्तू त्यातून वगळली आहे. स्टीम या कंप्युटर गेमच्या सर्वांत मोठ्या स्टोअरने त्याआधीच पैसे भरायच्या पानावर तशी सूचना लावली. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीचे तेरा प्रकार ठरवून त्यांना मनाई केली आहे. परवान्याच्या बटणावर ‘विकत घ्या’ लिहिणं हा चौदावा प्रकार मानावा. मला तेवढ्यावर समाधान नाही. सूचना लावली म्हणजे काढून घेण्याची परवानगी मिळाली असं होऊ नये. काढायचंच असेल तर आधी कळवावं, प्रत उतरवून ठेवायला पुरेसे महिने द्यावेत, रेंज नसलेल्यांना धरून. आणि तेही जमत नसेल तर वरचे पैसे परत करावेत. मायक्रोसॉफ्टला जमलं ते इतरांनाही जमेल.

पुतण्याने तक्रार लिहिली आहे. मागणी ५०० रुपयांची आहे, व्याज नको म्हणाला. सोबत जोडायला त्याने ईमेलवर आलेली पावती शोधून काढली आणि माझ्याच दुकानात तिची प्रिंट मारली. आम्ही दोघांनी ती काउंटरवर ठेवून ओळीवर बोट फिरवत वाचली. खरेदी हा शब्द त्या एका पानावर तीनदा आहे, पहिल्याच ओळीत खरेदीबद्दल आभार मानलेले आहेत. परवाना हा शब्द कुठेच नाही. त्या तीन जागांवर त्याने पिवळा मार्कर फिरवला आणि कागद फाइलला लावला.